चामडी हातमोजा मुठीवर मापून घ्यावा

प्रति,
मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : मोटारसायकलस्वारांच्या चामडी हातमोज्यांचे माप

मी लातूर जिल्ह्यातील औसा, निलंगा आणि देवणी या तालुक्यांत २७ वर्षे पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. ती सगळी नोकरी मोटारसायकलवर झाली. मागे औषधांची पेटी, पुढे पिशवीत सुया आणि लसींचा थर्मास, आणि दिवसाला तीन-चार गावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. अलीकडे आपल्या भागातील तरुण मुले चामडी हातमोजे घालून गाडी चालवताना दिसतात, ही मला मनापासून समाधानाची गोष्ट वाटते. कारण आमच्या उमेदीच्या काळात हाताला रुमाल गुंडाळण्यापलीकडे कोणाची मजल जात नव्हती. परंतु चहाच्या टपरीवर या मुलांचे हातमोजे हातात घेऊन पाहिले, की बहुतेकांच्या हातात ते बसतच नाहीत असे आढळते. कोणाच्या बोटांच्या टोकाशी रिकामे चामडे दुमडलेले असते, कोणाचा अंगठा अर्ध्यात अडकलेला असतो, तर कोणाच्या मनगटावरचा पट्टा शेवटपर्यंत ओढूनही सैल राहतो. याच चुकीची किंमत मी स्वतः मोजलेली असल्यामुळे आपल्या दैनिकाच्या वाचकांसमोर हा विषय सविस्तर मांडावा, अशी इच्छा आहे.

गेल्या वर्षी आषाढात, लामजना पाटीकडून औशाकडे येत असताना, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने डांबरी रस्त्यावर आणून टाकलेल्या काळ्या मातीच्या चिखलावरून माझ्या गाडीचे पुढचे चाक घसरले. वेग फार नव्हता, पाठीमागून वाहनही नव्हते. माणूस पडताना विचार करत नाही, त्याचे हात आपोआप पुढे जातात, तसे माझेही गेले. उजव्या हातातला मोजा रस्त्याला टेकताच पंजाभोवती गर्रकन फिरला. सांध्यांवर असायला हवे ते कडक कवच करंगळीच्या बाजूला आले, तळव्याचे दुहेरी चामडे हाताच्या पाठीवर गेले, आणि दुसऱ्याच क्षणी मोजा अर्धा निघून बोटांच्या टोकाशी लोंबू लागला. अंगठ्याच्या गादीपासून मनगटापर्यंत माझ्या तळहाताची कातडी सोलून निघाली. दोन दिवसांनी पत्नीने चिखल पुसून ठेवलेला तो मोजा मी नीट पाहिला, तर त्याच्या तळव्यावर ओरखडासुद्धा नव्हता. चामडे अस्सल होते, शिवण शाबूत होती. दोष होता तो मापाचा.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखमेपेक्षा मनगटाची काळजी अधिक केली. अंगठ्याच्या मुळाखाली होडीच्या आकाराचे एक लहान हाड असते. तळहातावर पडल्यावर मनगटाच्या लहान हाडांपैकी तेच बहुधा मोडते, त्याला रक्तपुरवठा एका टोकाकडून होत असल्याने ते सावकाश जुळते, आणि मोडल्याची बारीक रेघ पहिल्या एक्स-रेमध्ये कित्येकदा दिसतही नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. म्हणून दहा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला. सुदैवाने हाड वाचले होते. ज्यांना अशा पडण्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दाबले असता दुखते, त्यांनी मुका मार समजून घरगुती लेपावर भागवू नये, एवढे जाता जाता सांगतो.

तो मोजा मी कसा घेतला होता, हेही सांगायला हवे. शर्ट ‘लार्ज’ लागतो म्हणून मी दुकानात ‘लार्ज’ मागितला. दुकानदार म्हणाला, “काका, एक नंबर मोठाच घ्या. उन्हाळ्यात हात फुगतो, आणि चामडं सैल असलेलं बरं.” मी ‘एक्स्ट्रा लार्ज’ घेतला, हात सरळ ठेवून बोटे दोनदा हलवून पाहिली आणि पैसे दिले. त्याने मला फसवले असे मी म्हणणार नाही, कारण त्याला जे ठाऊक होते तेच त्याने सांगितले. पण त्याच्याजवळ टेप नव्हता, खोक्यावर सेंटिमीटरमध्ये एक आकडाही छापलेला नव्हता, आणि माझा हात त्याने एकदाही आपल्या हातात घेऊन पाहिला नाही. पाच-सातशे रुपयांच्या पँटला आपण कंबर आणि उंची मोजून घेतो. त्याहून महाग हातमोजा मात्र इंग्रजी अक्षरावर विश्वास ठेवून घेतो. ती अक्षरे कंपनीगणिक बदलतात, एकीचे ‘लार्ज’ ते दुसरीचे ‘मीडियम’ असते, त्यामुळे त्यांच्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मापाची रीत अगदी साधी आहे. शिंप्याचा टेप घ्यावा. ज्या हाताने आपण जास्त काम करतो तो हात उघडा ठेवून, अंगठा वगळून, चार बोटांच्या मुळाशी जिथे पंजा सर्वांत रुंद असतो तिथून टेप फिरवावा. टेप आवळू नये, कातडीपासून सुटाही ठेवू नये. मग हळूहळू मूठ मिटावी, म्हणजे पंजा किती फुलतो ते टेपवरच दिसते. हे माप सकाळी थंड पाण्याने हात धुतल्यावर न घेता संध्याकाळी, गाडी चालवून आल्यावर घ्यावे; उन्हाळ्यात दिवसभरात हात थोडा सुजतो, हे त्या दुकानदाराचे म्हणणे खरेच होते, फक्त त्याचे उत्तर चुकीचे होते. युरोपात हातमोज्यावर जो आकडा छापतात तो मुळात या घेराचे इंच असतात : ७ म्हणजे १७८ मिलिमीटर, ८ म्हणजे २०३, ९ म्हणजे २२९ आणि १० म्हणजे २५४. त्याच तक्त्यात हाताची लांबीही असते, म्हणजे मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. ८ नंबरला ते १८२ मिलिमीटर आणि ९ नंबरला १९२ मिलिमीटर धरतात. अपघातानंतर मी हात मोजला तेव्हा घेर २०५ आणि लांबी १८३ मिलिमीटर भरली. म्हणजे माझा हात ८ नंबरचा, आणि माझ्या मोज्याच्या अस्तरात, शिवणीजवळ, बारीक अक्षरांत १० छापलेले. दोन नंबरांचा फरक म्हणजे घेरात पाच सेंटिमीटर, तीन बोटे आडवी मावतील इतकी जागा. मोजा हातात फिरला यात नवल काय?

आता चामड्याविषयी थोडे लिहितो, कारण जनावरांच्या सहवासात आयुष्य गेल्यामुळे कातड्याचा स्वभाव मला थोडाफार कळतो. पाठीच्या कण्यालगतचे कातडे घट्ट विणीचे असते, पोटाकडचे सैल असते. तसेच ते कण्याच्या दिशेने कमी ताणते आणि आडवे जास्त ताणते. हातमोजे बेतणारा जाणता कारागीर बोटांची लांबी कण्याच्या दिशेने ठेवतो, म्हणजे मोजा वापरून वापरून पंजाभोवती सैलावतो, लांबीला मात्र वाढत नाही. विकत घेणाऱ्याने एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्म्या चुका टळतील. नवा मोजा पंजाला किंचित आवळ वाटत असेल तर हरकत नाही, पंधरा-वीस दिवसांत तो हाताचा होतो. पण बोटे आखूड असतील, टोकाची शिवण नखांवर दाबत असेल, तर तो मोजा जन्मभर आखूडच राहणार, “घातल्यावर सैल होईल” या आश्वासनावर तो घेऊ नये. हाताला शेळीचे कातडे सर्वांत चांगले असे माझे मत आहे. त्याची वीण बारीक आणि गुंतलेली असल्याने पातळ असूनही ते चिवट राहते, आणि पातळ असल्यामुळे क्लचची दांडी बोटांना जाणवते. मेंढीचे कातडे मऊ लागते, परंतु ते लवकर फाटते. म्हशीचे जाड कातडे टिकाऊ खरे, पण मूठ मिटताना ते हाताशी भांडते. आपल्या धाराशिव-लातूर पट्ट्यातील उस्मानाबादी शेळी मांसाबरोबरच कातड्यासाठीही नावाजलेली आहे, हे वाचकांना माहीत असेलच.

हातमोजा घालून पाहण्याची जागा दुकानाचा काउंटर नसून गाडीचे हँडल आहे. बोटे सरळ ठेवून मोजा बरोबर आहे असे ठरवणे, हे चप्पल बसल्या बसल्या पायात घालून परत देण्यासारखे झाले. चालून पाहिल्याशिवाय चप्पल कळत नाही, मूठ धरल्याशिवाय मोजा कळत नाही. दुकानाबाहेर उभ्या असलेल्या आपल्याच गाडीवर बसावे, दोन्ही मोजे घालावेत, पट्टे बांधावेत आणि निदान दहा मिनिटे मूठ धरून बसावे. या दहा मिनिटांत तळहाताकडे लक्ष द्यावे. मूठ आणि तळहात यांच्यामध्ये चामड्याची घडी जमत असेल तर मोजा रुंद आहे. ती घडीच पुढे फोड आणते, आणि मूठ जाड झाल्यामुळे कोपरापर्यंतचा हात भरून येतो. अंगठा रेसच्या मुठीभोवती वळवताना अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचकीत ओढ बसत असेल तर अंगठ्याचा भाग आखूड बेतलेला आहे. ही ओढ दुकानात क्षुल्लक वाटते, पण औशाहून तुळजापूरला पोहोचेपर्यंत अंगठा बधिर करते. क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांवर दोन-दोन बोटे टाकून पाहावीत. टोकाला दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त रिकामे चामडे असेल तर ते दांडी आणि मूठ यांच्यामध्ये चिमटते, आणि ऐन वेळी ब्रेक पूर्ण दाबला जात नाही. बोटांच्या मधल्या पट्ट्या बोटांच्या मुळापर्यंत टेकलेल्या असाव्यात. तिथे पोकळी राहिली तर बोटे फाकवताना सगळा मोजा वर सरकतो. सांध्यांवर कवच असेल तर मूठ मिटल्यावर ते बरोबर सांध्यांवरच आले पाहिजे, अलीकडे-पलीकडे नाही.

शेवटची परीक्षा मी आता प्रत्येकाला करायला सांगतो. मनगटपट्टा नेहमीसारखा बांधावा आणि दुसऱ्या हाताने बोटांची टोके धरून मोजा जोरात ओढावा. तो अंगठ्याच्या मुळाशी अडला पाहिजे. निघून आला, तर कितीही देखणा असला तरी परत द्यावा. ही माझी कल्पना नाही. मोटारसायकलच्या हातमोज्यांसाठी युरोपात ईएन १३५९४ हे मानक आहे, त्याची सुधारित आवृत्ती २०१५ साली आली. त्यात चामड्याची झीज, शिवणीची ताकद आणि सांध्यांचे कवच यांच्याबरोबरच, पट्टा बांधलेला मोजा ओढल्यावर निसटतो की नाही, हेही तपासले जाते. मोज्यावर १ किंवा २ असा दर्जा आणि सांध्यांच्या कवचाची चाचणी झाली असल्यास ‘केपी’ अशी खूण असते. आपल्याकडे हेल्मेट घेताना लोक आता आयएसआय चिन्ह पाहतात, त्याचे कारण मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात हेल्मेट आले आहे. हातमोज्यांचा तिथे उल्लेख नाही, तो सक्तीने यावा अशी माझी मागणीही नाही. पण जो माणूस स्वखुशीने पैसे खर्च करून हात झाकतो, त्याला निदान योग्य मापाची वस्तू मिळावी.

नवा मोजा घरी आणल्यावर आपले लोक जे उपाय करतात, त्यांची मला धास्ती वाटते. कोणी तो पाण्यात भिजत घालतो, कोणी मे महिन्यात पत्र्यावर वाळत टाकतो, कोणी चपलेला लावतात तसे एरंडेल चोळतो. ओले चामडे उन्हात तापले की आकसते आणि लाकडासारखे ताठ होते. आपल्याकडे पारा ४२ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. तेल जास्त झाले तर चामडे लेचेपेचे होते, ताणलेले परत येत नाही, आणि मूठ निसरडी होते. मला जमलेली रीत अशी : हात ओल्या फडक्याने पुसून किंचित दमट ठेवावेत, नवे मोजे घालावेत, उभ्या गाडीची मूठ धरून बातम्या संपेपर्यंत बसावे. असे पाच-सहा दिवस केले, की बोटांचे वळण चामड्यात उतरते. पावसात भिजलेला मोजा पिळू नये. आत जुने सुती कापड सारून बोटांना आकार द्यावा आणि सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस राहू द्यावा. उन्हाळ्यात घामासाठी आत पातळ सुती मोजा घालणार असाल, तर माप घेताना आणि मूठ धरून पाहताना तो आधीच हातात हवा. नंतर घातला तर सगळे गणित बिघडते.

माझा जुना मोजा घेऊन मी बाजारात बसणाऱ्या एका चर्मकार कारागिराकडे गेलो होतो. त्यांच्याकडून मी कितीतरी वर्षांपासून चपला शिवून घेतो, आणि गुरांचा डॉक्टर म्हणून तेही मला ओळखतात. त्यांनी मोजा उलटा केला, अस्तर बोटाने बाजूला सारले, करंगळीच्या कडेची शिवण उजेडाकडे धरून पाहिली आणि रापी खाली ठेवली. “डॉक्टर, हा लहान व्हायचा नाही. चार सूत असतं तर कड आत घेतली असती. कातड्याची जुनी भोकं बुजत नसतात, तळव्याची शिवण उसवली तर ती पुन्हा पहिल्यासारखी व्हायची नाही.” पैसे मिळत असताना काम नाकारणारा कारागीर पाहिला, की त्याच्या शब्दावर विश्वास बसतो. पुढे मी ८ नंबरचे मोजे घेतले. ते पंजाला नेमके बसले, फक्त माझे मनगट बारीक असल्याने पट्टा पुरता आवळत नव्हता. त्यांनी पट्ट्याची चिकटपट्टी दोन बोटे आत सरकवून नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी टाक्यात शिवून दिली, आणि दर टाक्यानंतर दोरा ओढून पाहिला. पंधरा मिनिटांचे काम होते. आता कोणी तो मोजा ओढून काढून दाखवावा.

सांगायचे ते हे, की हातमोजा मापात बसवण्याचे कसब आपल्याकडे आहे. पट्टा सरकवणे, करंगळीकडची कड थोडी आत घेणे, उसवलेले टोक शिवणे ही कामे तालुक्याच्या बाजारात होऊ शकतात, फक्त कोणी विचारत नाही. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने आपल्या प्रशिक्षणात चपला आणि पिशव्यांच्या जोडीला हातमोज्यांचे बेतणे व दुरुस्ती यांचा समावेश करावा, अशी माझी विनंती आहे. बोटांच्या पट्ट्या कापणे आणि अंगठा बसवणे हे वेगळे शास्त्र आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेसारख्या, १९४८ पासून याच क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेची मदत त्यासाठी घेता येईल. ज्यांचे हात बाजारातल्या कोणत्याच नंबरात बसत नाहीत, त्यांना याचा सर्वाधिक उपयोग होईल. यात महिला मोठ्या संख्येने आहेत. आमच्या भागातील शिक्षिका, आशा ताई, परिचारिका रोज स्कूटरवर गावोगाव जातात; त्यांचा पंजा अरुंद आणि बोटे त्या मानाने लांब असतात, आणि दुकानात त्यांच्यापुढे पुरुषांच्या साच्यावर बेतलेला सर्वांत लहान मोजा टाकला जातो. माझ्या सुनेने असा एक मोजा घेतला. पंजात तो ढगळ आहे आणि मधले बोट मात्र टोकाला टेकते. तिने तो कपाटात ठेवून दिला आणि ती उघड्या हातांनीच शाळेला जाते.

दुकानदार बंधूंना माझे सांगणे एवढेच, की काउंटरवर एक टेप ठेवा, खोक्यावरच्या अक्षराशेजारी पेनाने सेंटिमीटरमधला घेर लिहा, आणि गिऱ्हाइकाला गाडीवर बसून मूठ धरू द्या. बनवणाऱ्यांनी हा आकडा छापूनच पाठवला तर उत्तमच.

आणि, महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. खेड्यातल्या प्रत्येक घरात टेप नसतो. आपण एखाद्या रविवारी अंकाच्या कडेला ३० सेंटिमीटर लांबीची, मिलिमीटरच्या खुणा असलेली उभी पट्टी खऱ्या मापात छापावी, आणि शेजारी पंजाभोवती ती कुठून फिरवायची याचे लहानसे चित्र द्यावे. वाचक ती कापून, मागे कापडाची पट्टी खळीने चिकटवून वापरतील. छपाईत पट्टी आकसली नाही ना, हे मात्र लोखंडी फूटपट्टी लावून आधी तपासून घ्यावे. पाच मिलिमीटरांची चूकसुद्धा नंबराच्या पाचव्या हिश्शाइतकी होते.

आपला नम्र वाचक,
एक सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
औसा, जि. लातूर